मेसियाँ आणि देवगिरीचे ताल

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याचं आयुष्य साथीतच सरतं, नवं काही रचणं होत नाही, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ १९३१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून रुजू झाले ते १९९२ मध्ये निधन होईपर्यंत तिथलेच राहिले. आणि आपल्यासाठी मोलाची गोष्ट म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांच्या 'संगीतरत्नाकर' या संगीतग्रंथातले देशी ताल त्यांनी अक्षरशः आत्मसात केले होते! जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत १९४१ मध्ये पहिल्यांदा वाजलेल्या त्यांच्या चौकडीचा, म्हणजे चार वाद्यांसाठीच्या 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' या रचनेचा, पहिला भाग ऐका. पियानोत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल जोडून सतरा मात्रामूल्यांचं आवर्तन फिरतं, त्यावर एकोणतीस स्वरसंघांचं (कॉर्ड्सचं) दुसरं. सुरुवातीनंतर दोन्हींची सम या भागात पुन्हा जुळतच नाही. हेडफोन लावून फक्त पियानोच धरून ऐका.