दहा हजार पावलं आणि तिसरी पाळी

तिसरी_पाळी (वाळूज): परवा इथं एका एचआर ताईंनी टाकलं होतं: "दहा हजार पावलांची स्पर्धा ठेवली, बक्षीस स्मार्टवॉच. पण कामगारांना आरोग्याची जाणीवच नाही, कुणी नाव देत नाही." दोन दिवस गप बसलो, आता लिहितोच. ताई, शॉपफ्लोअरवर मोबाईल न्यायला तुम्हा एचआरवाल्यांचीच बंदी आहे. गेटवरच्या लॉकरात ठेवतो. मग पावलं कुणी मोजायची, लॉकरनं? दिवसभर प्रेस मशीनपुढं उभा राहणारा शून्यावर, अन् एसीत बसून संध्याकाळी कॅनॉटच्या बागेत चकरा मारणारा पहिला! आमच्याकडं मागच्या वर्षी जो जिंकला त्यानं मोबाईल लेकराच्या पाळण्याला बांधला होता. इथं दर आठवड्याला पाळी बदलायली, झोपेचा पत्ता नाही. आधी ते बघा.

मीच_ती_एचआर: मीच ती. लॉकरचं डोक्यात आलं नव्हतं, चुकलं. पण टोमणे कशाला, दादा? याच कार्यक्रमातल्या तपासणीत आमच्या एका ऑपरेटरची साखर चारशेच्या वर निघाली. वय पस्तीस. त्याला पत्ताच नव्हता. कार्यक्रम फालतू आहे का, ते त्याच्या बायकोला विचारा.

हिशोबी: तपासणी वेगळी, स्पर्धा वेगळी. इलिनॉय विद्यापीठानं २०१६ मध्ये आपल्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यागत वाटणी करून, एका गटाला असाच आरोग्याचा कार्यक्रम देऊन हे पाहिलं. दवाखान्याच्या खर्चात फरक नाही, जिमला जाण्यात नाही. नाव देणारे मुळातच धडधाकट, म्हणून वरवर कार्यक्रम भारी दिसतो. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या एका दुकानांच्या साखळीत झाला, १६० ठिकाणी. दीड वर्षानं लोक म्हणाले, व्यायाम वाढला. रक्तदाब अन् कोलेस्टेरॉल होतं तिथंच. आणि तुमचा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. माल खपवायचं नाव होतं ते.

मीच_ती_एचआर: इलिनॉयचं मीही वाचलंय. तपासणी करून घेणारे वाढले, हेही त्यातच आहे. ते बरं गाळलंत.

हिशोबी: वाढले. मान्य. खर्च मात्र होता तिथंच.

भाकरवाला (परभणी): अमेरिका राहू द्या. कॅन्टीनमध्ये काय वाढायलेत ते बोला! १९४८ च्या कारखाना कायद्यानं अडीचशेच्या वर कामगार असले की कॅन्टीन सक्तीचं केलं होतं. पण ताटात काय? मैद्याची पुरी अन् तेलाचा तवंग. ज्वारी आपल्या रानात, पुरी आपल्या पोटात. सगळ्या शुगरचं मूळ हे.

बीडकर: भाकरी खाणाऱ्याला शुगर होत नाही हे कुणी सांगितलं? मपल्या वडिलांनी जन्मभर भाकरीच खाल्ली. शेवटी बोट कापावं लागलं.

भाकरवाला: हायब्रीड ज्वारीची खाल्ली असंल. मालदांडी ज्वारीची खावी माणसानं.

बीडकर: वडिलांवर जायचं काम नाही. मालदांडीच होती, घरच्या रानातली. तुमच्यासारख्यांचं ऐकून ते दवाखान्यात जायचं टाळत राहिले.

भाकरवाला: बरं, चुकलं. चहा किती व्हायचा?

बीडकर: …सात-आठ कप. गोड.

भाकरवाला: मी काही म्हणलो नाही.

मीच_ती_एचआर: भाकरी आम्ही दिली होती, आठवड्यातून दोनदा. निम्मी ताटात तशीच राहायची.

भाकरवाला: ठेकेदारानं पहाटे थापलेली भाकरी दुपारी एकला कोण खाईल? ती चिवट होती. गरम वाढली असती तर मागून खाल्ली असती.

मीच_ती_एचआर: चारशे ताटांना गरम भाकरी थापायला बायका आणू कुठून? तुम्ही येता का थापायला?

भाकरवाला: येतो. पगार सांगा.

तिसरी_पाळी: धागा कशाचा अन् चाललंय काय! ताई, पाळी दर आठवड्याला का बदलता, याचं उत्तर अजून आलं नाही.

मीच_ती_एचआर: ते प्रॉडक्शनवाले ठरवतात. आमच्याकडं पंधरवड्याची करा म्हणून बैठकीत मांडीन, शब्द देत नाही. तपासणी मात्र तिसऱ्या पाळीलाही रात्रीच ठेवते. आत्तापर्यंत सकाळी अकराला ठेवत होतो, तेव्हा ती माणसं झोपलेली असायची.

तिसरी_पाळी: हे आधीच करायचं होतं. असो. आमच्या एचआरलाही सांगा, तुमचं तरी ऐकतील. निघतो, सव्वादहाची बस आहे.