रागू बोलोन्येझे तिसऱ्यांदा केला, तरी टोमॅटोचं सारच लागतंय. काय चुकतंय?

इसारकाठची:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतेय. आम्ही म्युनिकला असतो. मे महिन्यात चार दिवस इटलीत बोलोन्याला गेलो होतो, तिथे एका छोट्या खानावळीत लेकीने (वय ८) तालियातेल्ले (पट्ट्यांसारखा रुंद पास्ता) आणि रागू (खिम्याचा दाट सॉस) खाल्ला, ताटली पावाने पुसून पुसून, आणि तेव्हापासून "आई तसलाच कर" म्हणून मागे लागलीय. तीनदा करून झाला आणि तिन्ही वेळा तिने चार घास खाऊन ताटली सरकवली, काही बोलत नाही पण चेहऱ्यावर दिसतं ना.

मी काय करते सांगते. मोठ्या नॉनस्टिक पॅनमध्ये ऑलिव्ह ऑइल, त्यात कांदा, चार पाकळ्या लसूण, मग अर्धा किलो मिक्स खिमा (इथे बीफ आणि पोर्क अर्धं अर्धं तयार मिळतो), रंग बदलला की टोमॅटोचे दोन डबे, ओरेगानो, तमालपत्र, झाकण ठेवून पाऊण तास. घरात वास मस्त सुटतो, पण चव आंबट, खिमा एकीकडे पाणी एकीकडे, आणि स्पगेटीवर घातला की स्पगेटी वर कोरडी आणि ताटलीच्या तळाला लाल पाणी. तिथला तर लाल नव्हताच, विटकरी-तपकिरी होता, एकदम मऊ आणि जरा गोडसर. साखर घालतात का हो ते लोक?

पोर्टिकोखाली:
साखर नाही ताई, तो गोडवा गाजर, कांदा आणि दुधाचा. मी पीएचडीच्या निमित्ताने चार वर्षं बोलोन्यात काढली, आमच्या घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहायच्या आणि रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून हे शिकलोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट टोमॅटो. तुम्ही टोमॅटोचा सॉस करताय आणि त्यात खिमा घालताय. तिथे मांस शिजवतात आणि त्याला टोमॅटो नुसता लावतात. इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ ला बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ह्याची पाककृती रीतसर नोंदवलीय आणि २०२३ मध्ये ती सुधारून पुन्हा नोंदवली. नव्या प्रमाणात ४०० ग्राम जाडसर दळलेलं बीफ, १५० ग्राम पानचेत्ता (म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीचं मांस), कांदा, गाजर, सेलरी प्रत्येकी ६० ग्राम, एक ग्लास वाइन, आणि टोमॅटोचा गाळलेला रस फक्त २०० ग्राम, वर एक चमचा घट्ट पेस्ट. तुमचे दोन डबे म्हणजे ८०० ग्राम झाले, चौपट! १९८२ च्या कागदात तर ह्याहूनही कमी होता, पाच चमचे. आणि १८९१ मध्ये आर्तुसी ह्या इटालियन पाककृती-लेखकाने बोलोन्याच्या पद्धतीचा म्हणून जो सॉस छापला त्यात टोमॅटो अजिबातच नाही. एमिलिया म्हणजे बोलोन्याच्या आसपासचा हा भाग दूध, लोणी, चीज आणि डुकरांचा, टोमॅटोचं राज्य खाली दक्षिणेत.

लसूण, ओरेगानो, तमालपत्र तिन्ही काढून टाका. त्या २०२३ च्या कागदात काय चालणार नाही तेसुद्धा लिहिलंय, लसूण नाही, रोझमेरी-पार्सली नाही, धुरावलेलं पानचेत्ता नाही, पीठ लावून घट्ट करणं नाही. मिक्स खिमा मात्र चालतो, साधारण ६० टक्के बीफ आणि ४० टक्के पोर्क ह्याला त्यांचीच मान्यता आहे, आणि जायफळ अगदी चिमूटभर चालतं.

आता कृती. जाड बुडाचं भांडं घ्या, बिडाचं असेल तर उत्तम. पानचेत्ता बारीक चिरून त्याची चरबी मंद आचेवर सुटू द्या, मग तीन चमचे तेल आणि कांदा-गाजर-सेलरी, तिन्ही अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढं चिरायचं. ह्याला ते सोफ्रित्तो म्हणतात. लाल करायचा नाही, मऊ करायचा, पंधरा मिनिटं तरी. बाई म्हणायच्या, इथे घाई केली की पुढचे तीन तास फुकट. मग खिमा, आच मोठी करून चांगला परता, मग वाइन, तिचा उग्र वास पूर्ण जाईपर्यंत. मग टोमॅटो, गरम स्टॉक (मांस किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी), मीठ-मिरी, आणि मंद आचेवर दोन तास, जमलं तर तीन, लागेल तसा पळीपळीने स्टॉक घालत. निम्म्यात अर्धा ग्लास दूध, सायीसकट. दूध घातल्यावर फुटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, अर्ध्या तासात सगळं मिळून येतं आणि आंबटपणा जातो. नव्या कागदात दूध ऐच्छिक लिहिलंय पण माझ्या मते ते सोडू नका, तुमच्या लेकीला जी चव आठवतेय ती बरीचशी तीच असणार.

चुलीपाशी:
तीन तास गॅस?? मी पुण्यात कुकरला लावते, चार शिट्ट्या, खिमा लोण्यासारखा होतो. नोकरी करून हे तीन तासांचं कोणाला जमणार सांगा.

रसायनवाली:
@चुलीपाशी, मऊ होईल हो, ते खरंच आहे, पण रागूत शिजणं अर्धं आणि आटणं अर्धं असतं. कुकरमध्ये पाणी बाहेर जातच नाही, त्यामुळे चव दाट होत नाही, आणि नंतर झाकण काढून आटवायला तासभर लागतोच. वेळच नसेल तर एक करा, परतायची सगळी कामं उघड्यावर नीट करा, मग टोमॅटो-स्टॉक घालून कुकरला दोन शिट्ट्या, आणि दूध कुकर उघडल्यावर घालून पाऊण तास उघडं आटवा. तीन तासांच्या रागूची सर येणार नाही पण चांगला होतो.

@इसारकाठची, पोर्टिकोदादांनी "चांगला परता" एवढंच लिहून पुढे गेले, मला वाटतं तुमची खरी गोम तिथे आहे. मी फूड टेक्नॉलॉजीत काम करते म्हणून जरा खोलात जाते. पाकिटातला खिमा भांड्यात पडला की त्याला पाणी सुटतं, आणि पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे तुमचा खिमा परतला जातच नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. राखाडी झाला की आपल्याला वाटतं झालं. तो खमंग तपकिरी रंग आणि वास यायला साधारण १४० अंश लागतात, म्हणजे आधी सगळं पाणी उडायला हवं. डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा, आधी रटरट आवाज येतो, पाणी संपलं की तो बदलून चुरचुर सुरू होते, तिथून पुढे पाच-सात मिनिटं. आपण मसाला तेल सुटेपर्यंत परततो ना, तीच खूण, कडेला चरबी स्वच्छ दिसायला लागली पाहिजे. अर्धा किलो एकदम टाकू नका, दोन खेपांमध्ये करा, आणि खिमा अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून कागदाने टिपून घ्या.

नॉनस्टिक पण सोडा. बुडाला जी तपकिरी खरवड धरते त्यातच सगळी चव असते, वाइन ओतली की उलथन्याने ती खरवडून सॉसमध्ये उतरवायची. नॉनस्टिकला ती नीट धरतच नाही. घरात वाइन नको असेल तर तेच काम गरम स्टॉकने होतं, थोडी चव कमी पडेल इतकंच.

दर्यावर्दी_दापोली:
मी मर्चंट नेव्हीत आहे, नेपल्सला बऱ्याचदा बोट लागते आणि आमच्या एका इटालियन चीफ इंजिनिअरच्या घरी दोन-तीन रविवार जेवलोय, म्हणून ताई तुमच्या टोमॅटोची बाजू घेतो 🙂 नेपल्सचा रागू भरपूर टोमॅटोचाच असतो, पण त्यात खिमा नसतोच, पोर्कच्या बरगड्या, बीफचे मोठे तुकडे अख्खे सोडतात, सकाळी लवकर चढवतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत ते चाललेलं असतं. आधी सॉस पास्त्यावर, झीती नावाच्या लांब पोकळ नळ्या हाताने मोडून त्यात, आणि मांस दुसऱ्या वाढीला वेगळं. त्यांच्याकडे एक शब्द आहे पिप्पियारे, सॉस कसा शिजला पाहिजे त्याचा, म्हणजे खदखदायचा नाही, मधूनच एखादा बुडबुडा वर यावा आणि बुडुक करून फुटावा. इंजिनिअरची आई बोलता बोलता मध्येच थांबून तो आवाज ऐकायची आणि गॅस केसभर कमी करायची. बोलोन्याचा करा नाहीतर नेपल्सचा, हे मात्र दोन्हीकडे लागू आहे.

चुलीपाशी:
@रसायनवाली पटलं, कुकरचं करून बघते तुम्ही म्हणता तसं. पण माझा आणखी एक प्रश्न, आमच्याकडे बीफ-पोर्क दोन्ही चालत नाही, मटणाचा खिमा वापरला तर ते सगळं बोलोन्याचं प्रमाण तसंच ठेवायचं का?

पोर्टिकोखाली:
नका ठेवू, मी एकदा केला होता, दुधात मटणाचा वास वेगळाच लागतो आणि मला तरी आवडला नाही. त्यापेक्षा इटलीतच मेंढीच्या मांसाचा रागू करणारा प्रांत आहे त्यांच्या वाटेने जा. आब्रुत्सो, रोमच्या पूर्वेला, डोंगराळ भाग, धनगरांचा मुलूख, तिथे कोकराच्या मांसाचा रागू लाल ढोबळी मिरची घालून करतात आणि त्यात लसूण, तमालपत्र, पांढरी वाइन, टोमॅटो सगळं रीतसर असतं. लोण्या-दुधाऐवजी ऑलिव्ह ऑइल, आणि वर पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज. पास्ताही त्यांचा वेगळा, तारा ताणलेल्या लाकडी चौकटीवर कणकेची पोळी ठेवून लाटण्याने दाबतात, चौकोनी शेवयांसारखा पडतो, त्या चौकटीला कितार्रा म्हणजे गिटारच म्हणतात. आपलं बोकडाचं मटण कोकरापेक्षा कमी चरबीचं, तर खाटकाला खिम्यात थोडी चरबी घालायला सांगा आणि खिमा जाडाच दळून घ्या.

आणि @इसारकाठची, एक राहिलंच, तळाला लाल पाणी का साचतं ते. स्पगेटी गुळगुळीत असते, खिमा तिच्यावरून घसरतो. बोलोन्यात रागू स्पगेटीबरोबर देतच नाहीत, २०१९ मध्ये तिथल्या महापौरांनी जगभरातून 'स्पगेटी बोलोन्येझे'चे फोटो मागवले होते, असा पदार्थ आमच्या गावात नाही हे सांगायला. अंड्याची तालियातेल्ले घ्या, ती खरखरीत असते आणि रुंद असते. तिची रुंदीसुद्धा १६ एप्रिल १९७२ ला नोंदवलेली आहे, शिजल्यावर ८ मिलीमीटर, म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. तुम्ही बघितला असेल तो उंच तिरका मनोरा, अगदी मध्यात आहे. पास्ता एक मिनिट कच्चा असतानाच चिमट्याने उचलून रागूच्या भांड्यात टाका, पास्त्याचं पाणी अर्धी पळी, आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा. त्या पाण्यातल्या पिठाने सॉस पास्त्याला धरतो. ताटलीत पास्ता आणि वर सॉसचा डोंगर असं वाढू नका.

इसारकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार! शनिवारी केला. बिडाचं भांडं शेजारणीकडून आणलं, खिमा दोन खेपांत, आणि रसायनवाली ताई तो आवाज बदलला तेव्हा मला खरंच कळलं, इतकी वर्षं मी खिमा उकडतच होते म्हणायचं. दूध घातल्यावर वाटलं बिघडलं, नवऱ्याने तर पिझ्झा मागवू का विचारलं, पण वीस-पंचवीस मिनिटांत मिळून आलं. रंग तोच, विटकरी. पावणेतीन तास लागले.

लेक दोनदा वाढून घेऊन जेवली. मग म्हणाली, "आई, सॉस तसाच आहे, पण तिथली पट्टी अजून मऊ होती." मी पाकिटातली सुकी तालियातेल्ले आणली होती. तर आता दोन प्रश्न, उरलेला रागू फ्रीज करता येतो का, आणि घरी ती पट्टी लाटायची कशी, माझ्याकडे मशीन नाही.

रसायनवाली:
करता येतो, गार झाला की लगेच डब्यात भरा, फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने आरामात. दुसऱ्या दिवशी जास्तच छान लागतो. गरम करताना चमचाभर पाणी घाला, नाहीतर बुडाला धरेल.

पोर्टिकोखाली:
मशीन नको. १०० ग्राम मैद्याला एक अंडं, बाकी काही नाही, पाणी नाही, मीठ नाही. तिथे जर्मनीत ४०५ नंबरचा मैदा मिळतो तो घ्या. तुम्हा तिघांना ३०० ग्राम आणि तीन अंडी. घट्टच मळायचं, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट, दहा मिनिटं, मग झाकून अर्धा तास ठेवून द्या, ह्या अर्ध्या तासाने ते इतकं सैल पडतं की लाटायला त्रास होत नाही. पोळपाट पुरणार नाही, लाकडी टेबल पुसून त्यावर लाटा, एका वेळी एक लिंबाएवढा गोळा, पोळीपेक्षा बरीच पातळ, खाली ठेवलेला हात दिसला पाहिजे. दहा मिनिटं कापडावर सुकू द्या, मग सैलसर गुंडाळी करून सुरीने कापा, कच्ची असताना ७ मिलीमीटरच्या आसपास, शिजल्यावर फुगते. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बास. गुंडाळ्या सोडवायचं काम लेकीला द्या.