मदत हवी आहे: छताबाहेर आलेल्या तुळयांची टोकं कुजली आहेत

घर १९५०च्या दशकातलं, खांब-तुळई पद्धतीचं. छत जवळजवळ सपाट, आणि तुळया काचेच्या भिंतीवरून थेट बाहेर दोन फूट आलेल्या. कापलेल्या टोकातून लाकूड सर्वांत जास्त पाणी शोषतं. वर जाड रंग असल्याने ओल आतच अडकली. दोन टोकांत स्क्रूड्रायव्हर इंचभर रुततो, भिंतीजवळ मात्र लाकूड टणक आहे.

इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने) भरावं, की कुजकं कापून तिरक्या सांध्याने नवा तुकडा जोडावा? तुळया आखूड करायच्या नाहीत. बाहेर झेपावणारी ती आडवी रेषा गेली तर घराचा डौलच जाईल! टोकांवर पत्र्याची टोपी बसवल्यास खाली हवेसाठी फट किती ठेवावी? माळा नाही, छताच्या फळ्याच आतून दिसतात, त्यामुळे वरून ठोकलेला लांब खिळा खाली डोकावेल, हेही लक्षात घ्या.