एसीचा कॅशबॅक क्लेम सारखा रिजेक्ट होऊन राहिला, कोणाला खरंच पैसे मिळाले का?

उन्हानं_हैराण:
भाऊ लोक, एप्रिलमध्ये सीताबर्डीतून दीड टनाचा एसी घेतला. कूलरनं काही भागत नव्हतं, दुपारी आईबाबांचे हाल व्हायचे. दुकानदार म्हणे बिलात कमी नाही होणार पण कंपनीचा तीन हजारांचा कॅशबॅक आहे, साईटवर बिल टाका, पैसे खात्यात येतात. बिल टाकलं तर म्हणे खोक्यावरच्या बारकोडचा फोटो पाहिजे, खोकं तर फिटिंगवाला पोरगा तेव्हाच घेऊन गेला. मग म्हणे आउटडोअरवरच्या स्टिकरचा फोटो चालेल, आता ते युनिट तिसऱ्या माळ्यावर खिडकीबाहेर स्टँडवर आणि स्टिकर नेमका भिंतीकडून, सेल्फी स्टिक घालून कसाबसा फोटो काढला तर 'इमेज अस्पष्ट'. पुन्हा टाकला तर 'सिरीयल नंबर आढळत नाही'. अबे समोर भिंतीवर टांगला आहे ना तो! कॉल सेंटरवाल्या मॅडमचं एकच, सात ते दहा वर्किंग डेज. हे मुद्दाम करतात का?

काउंटरवाला:
मी सदरला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काम केलं आहे म्हणून सांगतो, 'आढळत नाही' म्हणजे बहुतेक वेळा दुकानदारानं तो नंबर कंपनीच्या सिस्टीममध्ये विकला म्हणून चढवलाच नसतो. सीझनमध्ये एवढी गर्दी असते की एंट्री राहून जाते, किंवा माल दुसऱ्या डीलरकडून उचललेला असतो आणि बिल तिसऱ्याच्या नावाचं. कॉल सेंटरशी डोकं लावू नको, दुकानात जा आणि तुझ्यासमोर सेल-आउट एंट्री करायला लाव. आणि बिलावर इनडोअर आउटडोअर दोन्हीचे नंबर आहेत का ते बघ, अर्ध्या बिलांवर एकच असतो. स्कीमची शेवटची तारीख निघून जायच्या आत कर, नंतर दुकानदारही हात वर करतो.

धंतोलीकर_काकू:
थर्मल कागदाचं बिल असेल तर आधी झेरॉक्स काढून ठेवा बरं, आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलं की काळं पडतं. आमच्या फ्रिजच्या वेळी असंच झालं होतं.

परतलेला_नागपूरकर:
अमेरिकेत होतो तेव्हा हे प्रकरण पोस्टानं चालायचं. मेल-इन रिबेट म्हणत, खोक्यावरचा यूपीसी बारकोड कात्रीनं कापायचा, बिल आणि फॉर्म जोडून पाकिटात घालायचा, मग काही आठवड्यांनी चेक नाहीतर प्रीपेड कार्ड. ते साध्या जाहिरातीच्या पाकिटासारखं यायचं, कितीतरी लोक न उघडताच फेकायचे. आणि एकदा बारकोड कापला की वस्तू परत करायचे वांधे. जे लोक क्लेम करतच नाहीत त्यांना तिकडे धंद्याच्या भाषेत 'ब्रेकेज' म्हणतात, कंपनी तो हिशोब आधीच धरून चालते. सगळ्यांनीच मागितले तर स्कीम परवडणारच नाही. त्यामुळे मुद्दाम का म्हणशील तर, सोपं करायची त्यांना घाई नाही एवढं नक्की.

बुटीबोरी_शिफ्ट:
हाव ना, पण सगळेच काही बुडवत नाहीत. मला वॉशिंग मशीनचे आले, लेट आले पण आले. बँकेच्या कार्डावरचा ईएमआय कॅशबॅक तर तीन-चार महिन्यांनी येतो, तोपर्यंत माणूस विसरून जातो. आणि नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यातही व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतोच, स्टेटमेंट नीट बघा.

ग्राहक_जागा_हो:
दुकानातूनही काम नाही झालं तर १९१५ वर फोन लाव, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाईन आहे, तक्रार थेट कंपनीकडे जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच हलतात. नाहीतर सिव्हिल लाईन्सला जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यात तू राहतो तिथंच केस टाकता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. ऑफरचं पोस्टर किंवा दुकानदाराचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर डिलीट करू नको, आयोगासमोर तोच कामी येतो. तीन हजारांसाठी कोण चकरा मारणार म्हणतात, पण मी म्हणतो मारा, कंपनीचा भरोसा त्याच्यावरच असतो.

उन्हानं_हैराण:
काउंटरवाला भाऊ बरोबर निघाला. दुकानात गेलो, बिलावर आउटडोअरचा नंबर नव्हताच आणि एंट्रीसुद्धा नव्हती. मालक आधी 'कंपनीशी बोला' करत होता, १९१५ चं नाव काढल्यावर पोराला कॉम्प्युटरवर बसवलं. आता क्लेम 'अंडर प्रोसेस' दाखवून राहिला. काकू, बिल थर्मलचंच आहे, झेरॉक्स काढली.

काउंटरवाला:
त्या अंडर प्रोसेसचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेव.