अ‍ॅनिमे : मारामारी सोडून काय बघू?

रात्रपाळी :
'डेथ नोट' आणि 'अटॅक ऑन टायटन' या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, बघून झाल्या. आता तलवारी, राक्षस आणि 'मी सगळ्यांत बलवान होणार' नकोय. प्रकार कुठलाही चालेल : रहस्य, विज्ञानकथा, भय, खेळ, हलकंफुलकं. दोन अटी. शक्यतो २६ भागांच्या आत संपावी, आणि एखादी तरी आईसोबत बसून बघता यावी. जपानी ऐकत इंग्रजी सबटायटल वाचायला हरकत नाही. नुसती नावं देऊ नका, कुठे कंटाळा येतो तेही सांगा.

तळटीप :
विज्ञानकथेत 'स्टाइन्स गेट' (२०११, २४ भाग). बरेच जण पाच-सहा भागांत सोडतात. टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या एका खोलीत चार टाळकी मायक्रोवेव्हला फोन जोडून भूतकाळात मेसेज पाठवतायत, बाकी फारसं काही घडत नाही. १२व्या भागाच्या शेवटी सगळं पालटतं. म्हणून आधीचे भाग पळवत बघू नका. तिथे पाठवलेले मेसेज उत्तरार्धात एकेक करून रद्द करावे लागतात, आणि कुणाला त्यातून काय मिळालं होतं हे आठवत नसेल तर त्या भागांत काही उरत नाही. 'स्टाइन्स गेट झीरो' (२०१८) नावावरून आधीची वाटते, पण मूळ २४ भाग संपेपर्यंत तिला हात लावू नका.

'प्लॅनेटेस' (२००३-०४, २६ भाग) मला जास्त आवडते, आणि तिचं नाव कमी घेतलं जातं. साल २०७५, पृथ्वीभोवती फिरणारं भंगार गोळा करणारे कर्मचारी. एक सुटा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो तिथून सुरुवात. पूर्वार्ध ऑफिसातल्या विनोदी मालिकेसारखा : बजेट, विमा, वशिला. मग राजकारण आणि दहशतवाद शिरतो. तोपर्यंत दम धरा.

सांजवात :
आईसोबत 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू'. पहिलं सत्र २०१६, १३ भाग. दुसरं २०१७, १२ भाग. राकुगो म्हणजे एक कलाकार गादीवर बसून, एक पंखा आणि एक रुमाल एवढ्यावर अख्खी गोष्ट उभी करतो, उठायचं नाही. कीर्तन आणि एकपात्री ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आवाज जपानीच ठेवा. अकिरा इशिदा आणि कोइची यामादेरा या दोन आवाज-कलाकारांनी आपापल्या एकाच पात्राच्या तोंडून पाच-पाच पात्रं बोलवलीत, खरी करामत तिथे आहे.

इथे लोक अडखळतात ते असं : पहिला भाग जवळजवळ दुप्पट लांब आहे, आणि त्यानंतर कथा तरुणपणात मागे जाते ती पहिलं सत्र संपत येईपर्यंत परतत नाही. पहिल्या भागातली माणसं गेली कुठे, असं वाटलं तरी चिकाटी ठेवा. 'शिनिगामी' (मृत्युदेव) ही राकुगोतली गोष्ट पुन्हापुन्हा येते, दर वेळी कोण सांगतंय याकडे लक्ष असू द्या. विषय मोठ्यांचे आहेत, गेशा, दारू, आत्महत्या. आईंना चालतील का ते तुम्ही ठरवा.

नाहीतर 'बाराकामोन' (२०१४, १२ भाग) : तापट सुलेखनकार जपानच्या गोतो बेटांवर धाडला जातो आणि गावातली पोरं त्याला भंडावून सोडतात. निर्धास्त लावा.

'मुशिशी'ही (२००५-०६, २६ भाग) चालेल. सुट्या कथा आहेत, क्रम मोडला तरी बिघडत नाही. रात्री एकच भाग बघा. सलग चार बघितले तर सगळे एकसारखे वाटतात.

घुबड :
रहस्यात 'ऑड टॅक्सी' (२०२१, १३ भाग). टॅक्सीचालक वॉलरस आहे, सगळी पात्रं प्राणी आहेत, म्हणून लहान मुलांची समजू नका. धागेदोरे गप्पांत पेरलेले आहेत. फोन चाळत बघाल तर चार भागांनंतर काही कळणार नाही. आणि शेवटच्या भागात श्रेयनामावलीनंतरचा प्रसंग चुकवू नका. 'पुढचा भाग आपोआप' हे सेटिंग बंद ठेवलेलं बरं.

भयात 'मोनोनोके' (२००७, १२ भाग, ५ कथा). १९९७चा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा चित्रपट वेगळा, दोघांचा संबंध नाही. औषधविक्या पिशाच्च मारायला तलवार उपसू शकत नाही. आधी त्याचं रूप, घडलेलं सत्य आणि त्यामागचं कारण शोधावं लागतं. म्हणजे आतून ही तपासकथाच. चित्रं जुन्या जपानी छापचित्रांसारखी, गच्च भरलेली. मोठ्या पडद्यावर बघा.

'हिगुराशी' या भयमालिकेची शिफारस कुणी करेलच, म्हणून आधीच सांगतो : २०२०ची 'गो' ही नव्याने काढलेली जुनीच कथा वाटते, पण ती पुढचा भाग आहे. २००६ची २६ भागांची मालिका आणि २००७चं 'काय' नावाचं पुढचं सत्र आधी संपवा, नाहीतर रहस्याचा बट्ट्याबोळ. चेहरे गोंडस, हिंसा भयंकर. आईसमोर अजिबात नको.

रात्रपाळी :
'राकुगो'पासून सुरुवात करतो. खेळ राहिले. 'चिहायाफुरु'चं नाव ऐकलंय, ती २६मध्ये बसते का?

तळटीप :
नाही बसत. २५, २५ आणि २४, तीन सत्रांचे ७४. शिवाय मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २०२२मध्ये ५० खंडांवर संपला, मालिका त्याआधीच थांबते. तरी पहिली २५ बघाच. खेळ कारुता, जपानी कवितांच्या पत्त्यांचा : १०० कवितांपैकी ५० पत्ते मांडतात, प्रत्येकाकडे २५, पाठ करायला १५ मिनिटं. वाचक कवितेचा पूर्वार्ध म्हणतो, तुम्ही उत्तरार्धाचा पत्ता उडवायचा. सात कविता पहिल्याच अक्षरावर ओळखू येतात, बाकीच्यांना दोन ते सहा अक्षरं थांबावं लागतं. त्यातही सुरुवात जुळणाऱ्या दोन कवितांपैकी एक वाचून झाली, की दुसरी नेहमीपेक्षा आधीच्या अक्षरावर उचलता येते. मालिका हे नियम हळूहळू उलगडते. तिसऱ्या-चौथ्या भागात कळलं नाही तर काळजी नको.

अटीतच बसवायचं असेल तर टेबल टेनिसवरची 'पिंग पाँग' (२०१४, ११ भाग). चित्रांतल्या रेषा मुद्दाम वाकड्या आहेत, दोन भागांत डोळे सरावतात.

घुबड :
एक तांत्रिक गोष्ट. जपानी आवाज निवडल्यावर सबटायटलच्या यादीत 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलेला इंग्रजी पर्याय घेऊ नका. तो बहुधा इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून केलेला असतो आणि ऐकू येणाऱ्या जपानीशी जुळत नाही. साधा इंग्रजी पर्याय घ्या. पडद्यावर फक्त पाट्यांचाच अनुवाद दिसत असेल तर तिसराच पर्याय निवडला गेलाय, तो डबिंग ऐकणाऱ्यांसाठी असतो.