मितभाषी मुलीला मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत पाठवावे का?

शरयू_एम
आम्ही अमेरिकेत राहतो आणि आमची मुलगी बारावीत आहे. तिला आमच्याच राज्यातील मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आणि एका लहान खाजगी कॉलेजात प्रवेश मिळाला असून १ मेपर्यंत होकार कळवायचा आहे. राज्याचे रहिवासी असल्यामुळे युनिव्हर्सिटीची फी आम्हाला बरीच कमी पडते. खाजगी कॉलेजाने शिष्यवृत्ती देऊ केली आहे, तरीही तिथला खर्च जवळजवळ दुप्पट होतो. पैशाचा हिशेब स्पष्ट असूनही माझे मन तयार होत नाही, कारण मुलगी अभ्यासात चांगली असली तरी फारच कमी बोलते आणि भर वर्गात हात वर करून प्रश्न विचारणे तिला जमत नाही. कॅम्पस पाहायला गेलो तेव्हा नेमका तास सुटला आणि रस्त्यावर मुलांचा असा लोंढा आला की तिने नकळत माझा हात धरला. तिचा कल संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे आहे, पण नक्की ठरले नसल्याने अर्जात तिने ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे मुख्य विषय अजून ठरलेला नाही, असे लिहिले होते. आम्ही दोघेही भारतात शिकलो, त्यामुळे इथल्या पदवीचे पहिले वर्ष कसे असते याचा आम्हाला अनुभव नाही. ज्यांची मुले अशा मोठ्या ठिकाणी शिकली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मंदार_के
शरयूताई, गर्दीची धास्ती आम्हालाही होती, परंतु आमच्या मुलाची अडचण गर्दीमुळे झाली नाही. ती झाली तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ‘अनडिक्लेअर्ड’ या शब्दामुळे. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीला अनेकदा दोन दारे असतात, एक युनिव्हर्सिटीचे आणि दुसरे मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, आणि पहिले उघडले म्हणून दुसरे उघडेलच असे नाही. टेक्ससमध्ये १९९७ च्या कायद्यामुळे शाळेत वरच्या क्रमांकात असलेल्या मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश मिळतो, पण हवे ते मेजर मिळण्याची हमी तिथेही नसते.

आमचा मुलगा ‘आत गेल्यावर बदलून घेऊ’ अशा भरवशावर गेला. त्याचे गुण वाईट नव्हते, तरी कॉम्प्युटर सायन्ससाठी केलेला अर्ज दोनदा नाकारला गेला, आणि तोपर्यंत घेतलेल्या कोर्सपैकी बरेचसे नव्या मेजरला उपयोगी पडले नाहीत. चारऐवजी पाच वर्षे लागली, आणि कमी फीमुळे वाचलेले पैसे त्या पाचव्या वर्षाची फी आणि घरभाडे यांतच गेले. म्हणून होकार कळवण्यापूर्वी विभागालाच ईमेल करा: आतून मेजर बदलायला कोणते कोर्स आणि किती जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो, आणि तेवढे असल्यावर प्रवेश नक्की मिळतो की पुन्हा स्पर्धा असते? उत्तर लेखीच घ्या. कॅम्पस दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी आश्वासनावर आम्ही विसंबलो, तसे करू नका.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. कोर्सच्या नोंदणीची वेळ बऱ्याच ठिकाणी कोर्स पूर्ण करून जमा झालेल्या क्रेडिट्सवरून ठरते, त्यामुळे शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेजपातळीच्या एपी परीक्षांची क्रेडिट्स ज्याच्या खात्यात आधीच पडलेली असतात त्याचा नंबर लवकर लागतो. आमचा मुलगा पहाटे उठून लॅपटॉपसमोर बसला होता, पण त्याची वेळ येईपर्यंत हव्या त्या सेक्शनमध्ये (कोर्सच्या तुकडीत) एकही जागा उरली नव्हती.

ऋतुगंध
मी अशाच एका युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. माझ्या लेक्चरला सुमारे २५० मुले असतात, आणि मागच्या रांगेतल्या मुलीचे नाव मला सत्र संपेपर्यंत कळत नाही, हे मी मान्य करते. मात्र त्याच कोर्सची आठवड्याला एक डिस्कशन सेक्शन असते. ती पंचवीसेक मुलांना घेऊन टीए (शिकवण्यात मदत करणारा, बहुधा पुढच्या पदवीचा विद्यार्थी) चालवतो, आणि तिचा दर्जा त्या टीएवर अवलंबून असतो.

माझ्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायला मुलांनी माझ्या खोलीत येण्याच्या ठरलेल्या वेळेला, परीक्षेचा आठवडा सोडला तर चार-पाचच मुले येतात. मितभाषी मुलांना तिथे भर वर्गापेक्षा खूप सोपे जाते. गेल्या वर्षी एक मुलगी सगळे निघून जाईपर्यंत दाराशी वही मिटून उभी राहिली आणि मग तिने विचारले, की नमुन्याचा व्हेरिअन्स (आकडे किती विखुरलेले आहेत याचे माप) काढताना भागाकार एकूण संख्येने न करता एकाने कमी संख्येने का करायचा. आम्ही फळ्यावर तीनच आकडे घेऊन ते करून पाहिले. पुढच्या आठवड्यात ती दुसरा प्रश्न घेऊन आली, आणि आज ती माझ्या एका सहकाऱ्याच्या संशोधनगटात विदा (डेटा) तपासण्याचे काम करते. पदवीच्या विद्यार्थ्याला इतके संशोधन हाताशी मिळणे, हे मोठ्या ठिकाणाचे खरे बळ आहे. पण ते आपण होऊन मुलांपर्यंत येत नाही, आणि तुमची मुलगी दार ठोठावेल का याचे उत्तर तिच्याकडूनच घ्यायला हवे.

बहुतेक युनिव्हर्सिट्या दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ प्रसिद्ध करतात, तो दोन्हीकडचा काढून वाचा. त्यात शंभराहून अधिक मुलांचे वर्ग किती, वीसच्या आतले किती, याचा तक्ता असतो. पदवी पूर्ण करणाऱ्यांचा जो टक्का माहितीपत्रकात ठळक छापतात तो सहसा सहा वर्षांत पूर्ण करणाऱ्यांचा असतो. चार वर्षांचा आकडा याच तक्त्यांत शोधा, कारण मंदाररावांनी लिहिलेले पाचवे वर्ष त्याच फरकात दडलेले असते. तसेच ऑनर्स कॉलेज, म्हणजे निवडक मुलांसाठीचा वेगळा विभाग, आहे का हेही पाहा. पेन स्टेटचे श्रेयर किंवा ॲरिझोना स्टेटचे बॅरेट यांसारख्या ठिकाणी मोठ्या युनिव्हर्सिटीतच लहान वर्ग मिळतात.

पूर्वा_३
मुलगी एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांवर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) असेल तर दोन बाबी पाहाव्यात. इन-स्टेट फीसाठी तिला रहिवासी मानतात की नाही, हे राज्यागणिक बदलते आणि केंद्र सरकारची फाफ्सा या अर्जामार्फत मिळणारी आर्थिक मदत तिला मिळत नाही. एकविसाव्या वर्षी तिला स्वतःचा व्हिसा, बहुधा विद्यार्थ्यांचा एफ-१, घ्यावा लागेल. त्यानंतर इन-स्टेट फी टिकते का, हे आत्ताच विचारून ठेवा. शिवाय १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या मुलांच्या गुणांवरचा हक्क त्यांचाच असतो, त्यामुळे तिच्या संमतीशिवाय युनिव्हर्सिटी सहसा तुम्हाला निकाल सांगणार नाही.

शरयू_एम
सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे ग्रीनकार्ड असल्यामुळे व्हिसाची काळजी नाही. दोन्ही विभागांना मीच ईमेल लिहायला बसले होते, पण ऋतुगंध यांचे उत्तर वाचून लॅपटॉप मुलीकडे दिला. चार ओळी लिहायला तिने पूर्ण संध्याकाळ घेतली. संख्याशास्त्र विभागाचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले: कॅल्क्युलसचे दोन कोर्स ठरलेल्या ग्रेडने पूर्ण केले की ते मेजर कोणालाही घेता येते. कॉम्प्युटर सायन्सला मात्र वेगळा अर्ज आणि मोजक्याच जागा आहेत. तेव्हा कॉम्प्युटर सायन्स मिळाले नाही तरी चालेल का, हा प्रश्न आम्ही तिच्यापुढे ठेवला आहे आणि तिने विचार करायला वेळ मागितला आहे. येत्या गुरुवारी, नेहमीचे तास चालू असताना, ती एका मोठ्या लेक्चरला बसून पाहणार आहे. तिने मला बाहेर थांबायला सांगितले आहे.