अनुभव धागा : मांजर अचानक बदललं तर आधी काय पाहावं?

मांजर दुखणं लपवतं. ते बाहेर पडतं भलत्याच रूपात: गादीवर शू, हात लावला की पंजा, नाहीतर दिवसभर कपाटावर दडून बसणं. घरातले म्हणतात, "लाडावलंय." या धाग्यात अशा अचानक बदलांविषयी लिहा. दोनच अटी. लक्षण नेमकं सांगा: कधीपासून, दिवसात किती वेळा, कशानंतर. आणि आधी शरीर, मग घर, सगळ्यात शेवटी स्वभाव, या क्रमाने लिहा. "आमचं पण असंच करतं" एवढ्याने कुणाला काही कळत नाही.

पशुवैद्य, पुणे

सुरुवात बोक्याची लघवी तुंबण्यापासून करते, कारण इथे वेळ हातात नसतो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. लघवीतले खडे आणि चिकट स्राव यांचा बोळा तिथे अडकतो. भाटीत मार्ग रुंद आणि आखूड, म्हणून हे क्वचित.

दिसतं ते असं: बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, बसतो, कुंथतो, थेंब-दोन थेंब येतात, कधी लालसर. मग ट्रे सोडून मोरीत, बेसिनमध्ये बसून बघतो. शेपटीखाली सतत चाटतो. उचलला की ओरडतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ, आणि एरंडेल किंवा तूप पाजण्यात अर्धा दिवस जातो. खात्री करायची तर ट्रे रिकामा करून ताजी वाळू घाला आणि नजर ठेवा. निरोगी मांजर दिवसात साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं आणि प्रत्येक वेळी वाळूचा बऱ्यापैकी गोळा होतो. फेऱ्या भरपूर आणि गोळा एकही नाही, म्हणजे तुंबलंय. पोट दाबून बघू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं.

पूर्ण तुंबलं तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि एक-दोन दिवसांत मांजर दगावतं. उलटी सुरू झाली, अंग ढिलं पडलं, की उशीर झालाच म्हणून समजा. रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं. दवाखान्यात भूल देऊन कॅथेटर (बारीक नळी) घालतात, मूत्राशय धुतात, सलाईन लावतात. कॅथेटर काढल्यावर पहिल्या काही दिवसांत पुन्हा तुंबण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा घरी आल्यावरही गोळे मोजत राहा. पुढे ओलं खाणं, त्यात दोन-तीन चमचे पाणी, आणि पाण्याची भांडी खाण्याच्या ताटलीपासून लांब.

दोन बोके, एक भाटी, ठाणे

डॉक्टर म्हणतात तसं तपासून झालं आणि लघवी ठीक निघाली, तर मग ट्रे. पण त्याआधी एक फरक ओळखा. खाली बसून, आडव्या जागी, भरपूर केली असेल तर ती शू. उभं राहून, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी उडवली असेल तर ते हद्द आखणं. दुसऱ्याचं कारण बहुतेक वेळा खिडकीबाहेर आलेला नवा बोका. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं हे थांबतं. लवकर केली तर जास्त खात्रीने, कारण सवय एकदा मुरली की मागे राहते.

ट्रेचा हिशोब: मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त. सगळे ट्रे एकाच बाल्कनीत ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच. लांबी मांजराच्या अंगाच्या दीडपट. दुकानातले बरेच ट्रे लहान पडतात, त्यापेक्षा कपडे ठेवायचा प्लास्टिकचा उथळ डबा बरा. वाळू पाच ते सात सेंटीमीटर, बिनवासाची. गुलाबाचा वास आपल्यासाठी असतो, त्यांच्यासाठी नाही. वॉशिंग मशीनशेजारी ट्रे नको. स्पिन सुरू झाल्यावर एकदा दचकलं की ती जागा कायमची बाद.

गादी धुताना फिनाईल नको, पाण्यात पांढरं होणारं जंतुनाशकही नको. ते पंजाला लागतं, मांजर चाटतं, आणि असली रसायनं त्याच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत. अमोनियाचं क्लीनर तर लघवीसारखंच वास मारतं, म्हणजे आमंत्रणच. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर एक भाग, कोमट पाणी नऊ भाग, त्याने डाग भिजवा, साध्या पाण्याने काढा, हवेवर वाळू द्या. वरवर पुसलं तर कापसात वास राहतो आणि आठवड्याने तीच जागा.

नाशिक

"काहीही न करता अंगावर आलं" यात बहुतेक वेळा 'काहीही' खिडकीबाहेर असतं. मांजर काचेतून परकं मांजर बघतं. कान आडवे, शेपूट फुगलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, घशातून खालचा सूर. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तेवढ्यात तुम्ही "काय झालं गं माऊ" करत पाठीवर हात ठेवता. वार तुमच्यावर. घरातलं दुसरं मांजर शेजारून गेलं तर त्याच्यावर, आणि त्या दोघांचं पुढे कित्येक दिवस जमत नाही.

अशा वेळी उचलायचं नाही, रागवायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. जाड चादर किंवा पुठ्ठा मध्ये धरून एका खोलीत जाऊ द्या, दिवा बंद, पाणी आणि ट्रे आत, दार लावून घ्या. काही मांजरं तासाभरात निवळतात, काहींना दुसरा दिवस उजाडतो. खायला येऊन नेहमीसारखं अंग चाटायला लागलं की दार उघडा. खिडकीच्या खालच्या भागाला दूधिया फिल्म लावली की निम्मा प्रश्न सुटतो.

दवाखान्यातून परतलेल्या मांजरावर घरातलं दुसरं फिस्कारतं, ते वेगळं. तिथे वासाचा घोळ असतो. एक दिवस वेगळं ठेवा, एकाच फडक्याने दोघांना आलटून पालटून पुसा.

प्रश्न: सहा महिन्यांची भाटी तीन दिवस रात्रभर ओरडतेय, जमिनीवर लोळतेय. दुखतंय का?

ठाणे: ताई, पाठीवर शेपटीजवळ थाप मारा. मागचा भाग वर करून शेपूट एका बाजूला घेतली तर माजावर आलीय. चार-पाच महिन्यांपासूनही येऊ शकते. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, तेच ते. तोवर खिडक्यांना जाळी पक्की आहे ना बघा, कारण या दिवसांत भाट्या उड्या मारतात. नसबंदी हाच उपाय, गर्भनिरोधक गोळ्या नकोत. त्यांनी गर्भाशयात पू होतो आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो.

पशुवैद्य, पुणे

दहा वर्षांवरच्या मांजरांसाठी वेगळं. रात्री ओरडणं, भूक वाढलेली, तरी पाठीचा कणा हाताला लागतोय: थायरॉईड. रक्तात टी-४ (थायरॉईडचं संप्रेरक) तपासा. गोळ्यांनी आटोक्यात येतं. पाणी जास्त, लघवी जास्त, वजन कमी: मूत्रपिंडं किंवा मधुमेह. अचानक भिंतींना आपटायला लागलं, उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहिल्या: रक्तदाब. वाढलेल्या दाबाने डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होतं. त्याच दिवशी आणलं तर थोडीफार आशा असते. आणि उडी मारणं सोडलं, ट्रेच्या काठाबाहेर शू करतंय, तर ते म्हातारपण म्हणून सोडू नका. सांधे दुखतात. ट्रेची एक बाजू कापून उंबरा चार-पाच सेंटीमीटरवर आणा, फरक दिसतो.

वाटीशी जातं, हुंगतं, मान वाकडी करून एका बाजूने चावतं, घास पाडतं: दात. आणि कुठल्याही वयात दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका. जाड्या मांजरांच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ आजारापेक्षा तेच भारी पडतं.

माणसांची पॅरासिटामॉल कधीही नको. पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषधही नको. त्यात परमेथ्रिन असेल तर थरथर आणि झटके येतात. मानेवर लावलंच असेल तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात लगेच धुवा आणि निघा.

कोल्हापूर

तोंडाशी सारखा पंजा नेतंय, लाळ गळतेय, उलट्या होताहेत, तर जिभेखाली बघा. शिवणाचा दोरा, राखीची जर, गजऱ्याचा धागा तिथे अडकलेला असतो आणि दुसरं टोक आतड्यात. ओढू नका, आतडं कापलं जातं. शेपटीखालून लोंबत असला तरी नाही.

पशुवैद्य, पुणे

शेवटचं, पण हलकं नाही. बाहेर फिरणारं, लस नसलेलं मांजर अचानक विनाकारण चावत सुटलं, आवाज बदलला, गिळता येईना, मागचे पाय लडखडू लागले, तर रेबीज मनात धरूनच वागा. पकडायला जाऊ नका. दार लावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. मांजराला पहिली लस साधारण बाराव्या आठवड्यात, मग दरवर्षी.

चावलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्यासाठी लस लांबवायची नाही. रेबीज नसलं तरी मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, वरून भोक टिचभर आणि आत जंतू. बोटाच्या सांध्यावर चावलं असेल तर बारा-चोवीस तासांत हात टम्म होतो, प्रतिजैविक लागतं. जखम धुतानाच बोटातली अंगठी काढून ठेवा, नंतर कापावी लागते.